लोकरीच्या गोंड्यांचे हिवाळी कडे

उत्तर युरोपात डिसेंबर महिन्यात दिवस फार लहान होतो. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात वर्षातला सर्वांत लहान दिवस साडेसात तासांच्या आसपास भरतो, पानझडी वृक्ष तोवर उघडेबोडके झालेले असतात आणि फर, पाइन, होली, आयव्ही अशा मोजक्या सदाहरित वनस्पतींवरच काय तो हिरवा रंग शिल्लक राहतो. या वनस्पतींच्या लवचिक फांद्या वाकवून, त्यांची टोके एकमेकींत गुंतवून केलेले गोल कडे हिवाळ्यात दारावर टांगण्याची जी चाल तिकडे रुजली आणि पुढे स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली, ते कडे इंग्रजी भाषिक जगात ‘रीथ’ या नावाने ओळखले जाते. तांबडा, हिरवा आणि पांढरा हे रंग या सजावटीत पुनःपुन्हा दिसतात, कारण होलीची लाल फळे, तिची काटेरी हिरवी पाने आणि त्यांवर पडलेले बर्फ हेच त्या ऋतूत डोळ्यांसमोर असते.

पाना-फांद्यांच्या गोल कड्याला मान देण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिंपियाच्या स्पर्धांतील विजेत्यांच्या मस्तकी रानटी ऑलिव्हच्या फांद्यांचे कडे घालीत, तर डेल्फीच्या स्पर्धांत लॉरेलचे. ख्रिस्ती परंपरेत मात्र या आकाराला घरगुती सजावटीचे रूप देणारी एक ठळक घटना एकोणिसाव्या शतकातली आहे. हॅम्बुर्गमध्ये निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ ही संस्था चालविणारे धर्मोपदेशक योहान हिनरिख विखेर्न यांनी १८३९ मध्ये गाडीच्या एका लाकडी चाकावर २० लहान लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या. नाताळापूर्वीच्या ‘आगमन काळात’, म्हणजे येशूच्या जन्मोत्सवाची वाट पाहण्याच्या सुमारे चार आठवड्यांत, दर दिवशी एक मेणबत्ती पेटवायची आणि रविवारी मोठी पेटवायची, अशी ती योजना होती. चाकाला पुढे फरच्या फांद्या गुंडाळल्या जाऊ लागल्या, मेणबत्त्यांची संख्या चारवर आली आणि आज अनेक देशांतील चर्चमध्ये व घरांत दिसणारे आगमन काळाचे कडे तयार झाले. दारावरचे कडे हे त्याचेच भावंड असून त्यावर मेणबत्त्या नसतात.

फांद्यांच्या कड्याची एक अडचण अशी की ते टिकत नाही. उबदार खोलीत फरच्या सुया दोन-तीन आठवड्यांत वाळून गळू लागतात, आणि जेथे फर किंवा होली उगवतच नाही अशा प्रदेशात तर ते करणेच शक्य नसते. म्हणून कापड, कागद, फेल्ट आणि लोकर यांची कडी पुढे आली. त्यांपैकी लोकरीच्या गोंड्यांचे कडे सर्वांत भरदार दिसते. फांद्यांची नक्कल करण्याच्या भानगडीत ते पडत नाही. त्याचा मऊपणा आणि त्याचे गुबगुबीत गोल ही त्याची स्वतःची शोभा आहे, आणि थंडीच्या दिवसांत लोकर हाताला जी ऊब देते तीच ते डोळ्यांनाही देते.

गोंडा ही वस्तू स्वतः मात्र कोणत्याही एका प्रदेशाची नाही. फ्रेंच नाविकांच्या टोपीवरचा लाल गोंडा, स्कॉटलंडच्या सैनिकी टोपीच्या माथ्यावरचा गोंडा आणि ग्रीसच्या एव्झोन रक्षकांच्या पादत्राणांच्या टोकांवरचे मोठे काळे गोंडे जगभर ओळखीचे आहेत. कच्छमधील रबारी उंटांना लोकरीच्या गोंड्यांच्या माळा घालतात, बंजारा स्त्रियांच्या पोशाखात गोंडे असतात, आणि महाराष्ट्रात पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना व गळ्याला रंगीत गोंडे बांधल्याशिवाय सण साजरा झाला असे शेतकऱ्याला वाटत नाही. तेव्हा मराठी वाचकाला या कड्यातील कडे नवे असले, तरी गोंडा नवा नाही.

गोंडा चेंडूसारखा दिसतो, पण त्याची घडण चेंडूची नसते. समान लांबीच्या शेकडो धाग्यांचा एक जुडगा बरोबर मध्यावर घट्ट बांधला की गोंडा तयार होतो. त्याला ना आतून भराव असतो ना बाहेरून आवरण. मग तो गोल कसा होतो, याचे उत्तर गाठीत आहे. धागे सैल असताना जुडगा जितका जाड असतो त्याच्या निम्म्याहूनही कमी जाडी गाठीच्या जागी उरते, कारण लोकरीच्या धाग्यात तंतूंपेक्षा हवाच जास्त असते आणि गाठ ती हवा पिळून काढते. मध्यावर असा दाब पडला की धाग्यांच्या मोकळ्या टोकांना शेजारी-शेजारी समांतर राहायला जागा मिळत नाही, ती एकमेकांना ढकलीत चहूबाजूंनी पसरतात आणि सर्व टोके केंद्रापासून सारख्याच अंतरावर असल्यामुळे गोल आकार आपोआप येतो. गाठ सैल राहिली तर धागे पसरत नाहीत, झाडूसारखे दोन्ही बाजूंना पडून राहतात, आणि थोडे हाताळले की एकेक धागा सुटून हातात येतो. गोंड्याची सारी कसोटी त्या एका गाठीत असते, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

याच रचनेतून लोकर किती लागेल याचे गणितही निघते, आणि ते समजून घेतल्याने पुढची बरीच फसगत टळते. मध्यम जाडीच्या लोकरीची १०० ग्रॅमची लडी साधारणपणे २२० मीटर भरते. साडेसहा सेंटीमीटर रुंदीच्या पुठ्ठ्यावर तिचे १५० वेढे घेतले तर एका वेढ्याला १३ सेंटीमीटर याप्रमाणे साडेएकोणीस मीटर, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम लोकर लागते. दोन्ही कडांवर वेढे कापल्यावर ३०० धागे आणि ६०० टोके मिळतात, आणि छाटणीनंतर सहा सेंटीमीटर व्यासाचा दाट गोंडा हाती येतो. आता याच दाटपणाचा, पण दुप्पट व्यासाचा गोंडा हवा असेल तर लोकर दुप्पट लागेल असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. व्यास दुप्पट झाला की गोलाचा पृष्ठभाग चौपट होतो, म्हणून टोके चौपट लागतात. शिवाय प्रत्येक धागा दुप्पट लांब असावा लागतो. म्हणजे एकूण लोकर आठपट लागते. पुष्कळांचे मोठे गोंडे विरळ आणि केविलवाणे दिसतात त्याचे कारण हेच असते. गोंडा जसा मोठा होत जातो तशी लोकर ज्या वेगाने वाढवावी लागते, त्याचा अंदाज हाताला नसतो.

उलट बाजूने पाहिले तर, तेवढेच कडे झाकायला लहान गोंडे वापरल्यास लोकर कमी लागते, पण गोंड्यांची संख्या आणि म्हणून गाठी फार वाढतात. सहा सेंटीमीटरऐवजी तीन सेंटीमीटरचे गोंडे केले तर लोकर निम्मी लागेल, गोंडे मात्र चौपट करावे लागतील. खर्च आणि श्रम यांचा हा व्यवहार करणाऱ्याने आधीच ठरवावा हे उत्तम. बहुतेकांना चार ते आठ सेंटीमीटरच्या दरम्यानचे तीन आकार मिसळणे सोयीचे जाते आणि दिसायलाही तेच सरस ठरते.

कात्रीचे काम केवळ आकार नीट करण्याचे आहे असे मानले जाते, पण ते तेवढ्यावर थांबत नाही. पुठ्ठ्यावरून नुकताच उतरविलेला गोंडा थोडा लांबट आणि विस्कटलेला असतो, कारण वेढे एकावर एक चढत गेल्याने वरच्या थरातील धागे आतल्या थरातील धाग्यांपेक्षा किंचित लांब निघतात. साडेसहा सेंटीमीटरचा असा गोंडा साडेपाचपर्यंत कातरला की टोकांची संख्या तीच राहते, मात्र पृष्ठभाग जवळजवळ तीन दशांशांनी घटतो, म्हणून त्याचा दाटपणा सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो. कातरलेला गोंडा मखमलीसारखा दिसतो तो यामुळे. कातरताना गोंडा एका हातात सतत फिरवीत राहावे, एका जागी खोल न कापता सगळीकडून थोडे थोडे छाटावे, मधूनमधून तो झटकून दडलेली लांब टोके वर येऊ द्यावीत, आणि बांधलेल्या दोऱ्याची दोन लांब टोके चुकून कापली जाऊ नयेत म्हणून ती मुठीत धरून ठेवावीत. कात्री लांब पात्यांची आणि धारदार हवी. बोथट कात्रीने धागे कापले न जाता दुमडतात.

बाजारात ‘लोकर’ म्हणून जे विकले जाते ते बहुधा ॲक्रिलिक असते. ॲक्रिलिक हा ॲक्रिलोनायट्राइल या रसायनापासून केलेला कृत्रिम तंतू असून अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीने ‘ऑर्लॉन’ या नावाने १९५० नंतरच्या दशकात तो घरोघरी पोहोचविला. मेंढीची लोकर आणि ॲक्रिलिक यांतला फरक ओळखण्याची जुनी रीत म्हणजे धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटविणे. खरी लोकर जळलेल्या केसांसारखा वास देते, ज्योत दूर केली की बहुधा विझते आणि तिची राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळत जळत राहते आणि मागे काळी टणक गुठळी ठेवते. गोंड्यांसाठी दोन्ही चालतात. खऱ्या लोकरीचे तंतू मुळातच नागमोडी असल्यामुळे तिचा गोंडा फुगीर होतो, आणि वाफ दिली की तो आणखी फुलतो. ॲक्रिलिकला मात्र वाफ देऊ नये, कारण उष्णतेने त्याचा ताठपणा कायमचा जातो आणि गोंडा मलूल पडतो. ॲक्रिलिकच्या बाजूने सांगायचे तर ते स्वस्त असते, भरपूर रंगांत मिळते आणि त्याला कसर लागत नाही. महाराष्ट्रातील दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, बहुधा काळसर असते आणि तिची घोंगडी प्रसिद्ध आहे; तिचा गोंडा गुबगुबीत होण्याऐवजी राठ होतो, तथापि एखाद-दुसरा तसा काळा गोंडा पांढऱ्या गोंड्यांच्या मध्ये बसविल्यास फार उठून दिसतो.

धाग्याचा पीळ हीही पाहण्याची गोष्ट आहे. विणकामाची लोकर दोन, तीन किंवा चार पदर एकत्र पिळून केलेली असते. कापलेल्या टोकाशी हा पीळ उलगडतो आणि एका टोकाची अनेक टोके होतात. पीळ सैल असेल तर हे लगेच घडते आणि गोंड्याचा पृष्ठभाग एकजीव दिसतो. पीळ घट्ट असेल तर प्रत्येक टोक सुटे दिसत राहते, आणि गोंड्याला दोऱ्यांच्या झुपक्याची कळा येते.

वेढे घेण्याच्या रीती अनेक आहेत. जुनी आणि नेमकी रीत पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांची: प्रत्येक चकतीच्या मध्यावर तिच्या व्यासाच्या एक-तृतीयांश भोक पाडायचे, दोन्ही चकत्या एकमेकींवर ठेवून भोकातून आतबाहेर लोकर गुंडाळत भोक जवळपास बुजवायचे, मग दोन चकत्यांच्या फटीत कात्रीचे पाते घालून बाहेरच्या कडेने सगळे वेढे कापायचे आणि त्याच फटीतून दोरा फिरवून गाठ मारायची. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुधाच्या बाटल्यांना मध्ये भोक पडणारी पुठ्ठ्याची गोल झाकणे असत, आणि शाळकरी मुले तशी दोन झाकणे जोडून त्यांवर गोंडे करीत. आता प्लास्टिकची तयार साधनेही मिळतात. अनेक गोंडे एकदम हवे असतील तर उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या दोन पायांभोवती लोकर गुंडाळून तो लांब जुडगा ठरावीक अंतरांवर बांधतात आणि गाठींच्या मधोमध कापतात. ही रीत वेगवान आहे, पण तिच्यात छाटणी जास्त करावी लागते. मोठ्या संख्येने गोंडे करताना पुठ्ठ्याची आयताकृती पट्टीच सर्वांत सोयीची ठरते, कारण तिच्या मध्यावर लांब खाच ठेवली की वेढे न उतरविताच दोरा आरपार घालून बांधता येतो.

बांधण्यासाठी लोकर वापरू नये, कारण ती ताणली जाते आणि ओढताना तुटते. गोधडीला वापरतात तसा जाड सुती दोरा किंवा नायलॉनचा दोरा घ्यावा. पहिली गाठ मारताना दोरा एकदाऐवजी दोनदा फिरवावा. शस्त्रक्रियेतही अशीच दुहेरी फेऱ्याची गाठ वापरतात, कारण वाढलेल्या घर्षणामुळे दुसरी गाठ पडेपर्यंत पहिली सरकत नाही. दोरा पूर्ण ताकदीने ओढल्यावर दोन्ही टोके विरुद्ध बाजूस नेऊन तेथे पुन्हा गाठ मारावी आणि वीस सेंटीमीटर दोरा दोन्हीकडे मोकळा सोडावा.

आधाराचे कडे परदेशांत बहुधा फोमचे किंवा तारेचे असते. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातलेली असल्यामुळे येथे तो पर्याय उरत नाही आणि त्याची गरजही नाही. डोक्यावर घागर घेताना घालतात त्या चुंबळीसारखे भाताच्या पेंढ्याचे कडे वळून त्यावर सुतळी आवळून गुंडाळली, तर ते हलके आणि भक्कम असते, आणि सुतळीच्या वेढ्यांत दोरा अडकवायला हव्या तितक्या जागा मिळतात. बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांचे कडे करून घेता येते. वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या पिळून, त्या वाकवून, त्यांवर जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या तरीही काम भागते. आधाराला गोंड्यांच्याच रंगाचे कापड गुंडाळणे शहाणपणाचे, कारण कितीही दाटीने बसविले तरी दोन गोंड्यांच्या मधून आतले थोडे दिसतेच.

तीस सेंटीमीटर व्यासाच्या आणि पाच-सहा सेंटीमीटर जाडीच्या कड्याला सहा सेंटीमीटरच्या मापाने सुमारे चाळीस गोंडे लागतात: बाहेरच्या कडेला पंधराच्या आसपास, आतल्या कडेला दहा आणि उरलेले दर्शनी बाजूला. त्यांना साडेतीनशे ते चारशे ग्रॅम लोकर पुरते. तीन आकार मिसळायचे असतील तर सर्वांत मोठे गोंडे आधी, विषम अंतरांवर बांधावेत; नंतर मध्यम गोंड्यांनी मोकळ्या जागा भराव्यात आणि शेवटी लहान गोंडे फटींत दाबून बसवावेत. गोंडे दबतात आणि पुन्हा फुलतात, त्यामुळे जागा अपुरी वाटेल इतके दाटीने बांधले तरच कडे भरलेले दिसते. मागची बाजू सपाट, मोकळी ठेवावी, नाहीतर कडे दाराला चिकटून न राहता डुगडुगते.

रंगांच्या बाबतीत संयम फायद्याचा ठरतो. तांबडा, हिरवा आणि पांढरा हे नाताळाचे रूढ त्रिकूट आहे. वसईच्या किंवा गोव्याच्या घरांत कागदी ताऱ्याच्या शेजारी असे कडे शोभते. केवळ थंडीच्या ऋतूची सजावट हवी असेल तर पांढरा, सायीचा रंग, राखाडी आणि एखादी निळी छटा अशी मोजकी निवड अधिक चांगली दिसते आणि ती डिसेंबरनंतरही लावून ठेवता येते. दोन रंगांचे धागे एकत्र धरून गुंडाळल्यास ठिपकेदार गोंडा मिळतो, आणि पाठोपाठच्या थरांत रंग बदलल्यास पट्टे उमटतात. सगळे गोंडे एकरंगी असताना असे चार-दोन ठिपकेदार गोंडे मध्ये घातले की कड्याचा कोरडेपणा जातो. पाच-सहा झगझगीत रंग एकत्र आणले की मात्र आकार हरवतो आणि नुसता रंगांचा गोंधळ उरतो.

गोंडे कड्याला ग्लू गनच्या गरम गोंदाने चिकटविण्याची पद्धत झटपट आहे, तरी ती टाळावी. गोंदाने चिकटविलेला गोंडा खराब झाल्यावर बदलता येत नाही, तो ओढला तर धागे उपटून येतात, आणि उन्हात तापणाऱ्या दारावर गोंद मऊ पडतो. गोंड्याला सोडलेली दोऱ्याची टोके कड्याच्या दोन बाजूंनी मागे नेऊन बांधली, तर प्रत्येक गोंडा स्वतंत्र राहतो. पुढच्या वर्षी रंग बदलायचा असल्यास गाठी सोडून तोच आधार पुन्हा वापरता येतो.

एका गोष्टीबाबत मात्र हयगय करू नये. ॲक्रिलिक सहज पेट घेते, वितळलेले थेंब खाली टपकतात आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू असतो. गोंड्यांच्या सुट्या तंतूंत भरपूर हवा खेळती असल्यामुळे ज्योत वेगाने पसरते. म्हणून असे कडे पणत्या, मेणबत्त्या, उदबत्त्या किंवा तापणारे दिवे यांच्याजवळ कधीही लावू नये. आगमन काळाच्या मेणबत्त्या लावायच्या असतील तर त्यांची जागा वेगळ्या टेबलावर असावी.

थंडी सरल्यावर कडे झटकून, ऊन फार कडक नसताना वाऱ्यावर ठेवून, गोंडे दबणार नाहीत अशा मोठ्या खोक्यात ठेवावे. खऱ्या लोकरीचे असेल तर सोबत कडुनिंबाची वाळलेली पाने किंवा डांबरगोळ्या घालाव्यात, कारण कसर लोकरीतील केराटिन हे प्रथिन खाते. कोकणात पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून खोके जमिनीवर न ठेवता माळ्यावर ठेवणे आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकदा उघडून पाहणे इष्ट. पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्याने तीस सेंटीमीटरच्या कड्यापासून सुरुवात करू नये. वीस सेंटीमीटरच्या कड्याला पाच सेंटीमीटरचे वीसेक गोंडे पुरतात आणि त्यांना १०० ग्रॅमची एकच लडी लागते.